सोपानच्या सायकलचं पुढचं चाक

अजूनबी लोणावळ्याच्या बाजारात कुणी सायकलला टायर चढवाया बसला की एखादा खवचट म्हणतोच, "नीट बसव रं बाबा, महिपतीवानी नको." म्हणणाऱ्याच्या तोंडात माती पडो! त्याचा बा तरी तवा जन्मला हुता का? पर म्हणतोय. इतकी वर्सं मी ऐकून घेतलं, दातओठ खाल्ले आन् गप बसले. माझी जीभ कशी हाय ते स्टेशनापासनं खंडाळ्यापतुर कुणालाबी इचारा; असली बाई गप बसली, ह्यातच काय ते समजा. आता मालक जाऊन लय दिस झाले, आन् मागल्या माघात नंदाबी गेली. लागायचं असं कुणी उरलं न्हाई. म्हणून सांगते.

मालक म्हंजी माझे घरधनी. त्यांचं नाव मी घ्यायची न्हाई, वर आलं ते त्या खवचटाच्या तोंडचं. आमच्या सायकलच्या दुकानाच्या पाटीवर हुतं, आन् समदा बाजार दिवसभर घेतच हुता.

लढाईचा काळ हुता. जपान्यानं सिंगापूर घेतलं आन् तिकडचं रबर यायचं बंद झालं. चांगला टायर डोळ्याला दिसंना. मालक पुण्याच्या जुन्या बाजारातनं गाठोडं बांधून आणायचे त्यात काय असायचं? कुणाचं नाव पुसलेलं, कुणाची कड विस्कटलेली, कुणाच्या पोटातला कॅनव्हास भाईर आलेला. गरिबाला रोज कामावर जायाचं तर तेवढंच परवडायचं, आन् मिळायचंबी तेवढंच. असला हलका टायर रिमवर बसवणं काय खेळ न्हाई. चांगला टायर आंधळाबी बसवंल. हलक्याच्या कडंतली तार कुटं ढिली, कुटं आवळ. हिकडनं दाबला की तिकडनं वर येतो.

मालकांची रीत सांगते. लढाईत साबण मिळत नव्हता, म्हणून मी रिठं भिजत घालायची. त्या रिठ्याच्या पाण्यात चिंधी बुडवून ते टायरची कड पुसायचे, मग दोनी अंगठ्यांनी रेटत रेटत चढवायचे. शेवटचा वीतभर तुकडा लय हट्टी असतो. तितं बाकीचे कारागीर लोखंडी पट्टी घालत्यात. मालक मरंस्तवर घालायचे न्हाईत, पट्टीखाली ट्यूब चिमटती म्हणायचे. थोडी हवा भरायची, चाक जमिनीवर आपटायचं, चौफेर दाबून बघायचं, हवा सोडायची, परत भरायची. टायरच्या कडंला रिमच्या अंगानं एक बारीक रेघ असती. ती चौफेर सारखी दिसली तर टायर बसला. कुटं रेघ बुडाली, कुटं वर आली, की चाक फिरताना तितं उडी मारतं. सपाट रस्त्यावर उडी मारली तर कंबर दुखती, दुसरं काय न्हाई. खंडाळ्याच्या उतारावर मारली तर माणूस जातं.

सोपान कुसगावचा. शेतकऱ्याचं पोर, नुकताच खंडाळ्याच्या स्टेशनात सांधेवाला म्हणून लागलता. गाडी यायच्या आदी रुळाचे सांधे जोडून ठेवायचं ते काम. तितं उशीर चालत न्हाई. पहाटं कुसगावासनं निघायचं, बाजारातनं, आमच्या दारावरनं, आन् पुढं उताराच्या रस्त्यानं खंडाळा. त्याच रस्त्यावर त्या सालात मिलिटरीच्या लॉऱ्या रांगंनं चालायच्या, दिव्यांना काळी टोपडी घातलेल्या. त्यात श्रावणातलं धुकं. समोरची लॉरी आधी ऐकू यायची, मग दिसायची, आन् दिसंस्तवर अंगावर आलेली असायची. त्यात एक गुराखी आन् दोन म्हशी त्याच महिन्यात गेलत्या.

म्हणून सोपानची बायको नंदा भेदरलेली असायची. लगीन हून वरीस झालतं न झालतं. हसरी, गोरीगोमटी पोर, पर नवरा सायकलवर बसला की हिचा जीव टांगणीला. सांजच्याला घंटी वाजंपतुर उंबऱ्यातनं हलायची न्हाई. सोपान तिला चिडवायचा, "माझ्या मागं लॉरी लागत न्हाई तेवढं तुझं डोळं लागत्यात." ती हसायची न्हाई.

बाजारच्या शनिवारी दोघं दुकानात आली. पुढचा टायर उभा फाटलेला. मालकांनी गाठोड्यातनं त्यातल्या त्यात बरा टायर काढला, मी रिठ्याचं पाणी आणलं. आन् तो टायर काय बसंना! हिकडची रेघ नीट झाली की तिकडची बुडाली. हवा सोडली, परत चढवला. परत बुडाली. मालकांचं टकुरं तापलं. "बस की रं मुडद्या, बस," असं त्या टायरला म्हणायला लागले. मला ते बोलणं त्या दिशी बरं वाटलं न्हाई. मी म्हणलंबी, "तिच्याम्होरं असलं काय बोलताय?" त्यांनी लक्ष दिलं न्हाई. लय येळानं चाक फिरवलं, चाकावरच्या दुभाग्या दांड्याला, फोर्कला, खडू टेकवून धरला. खडूची रेघ चौफेर सारखी उठली. चाक गप फिरत हुतं, कसला म्हणून आवाज न्हाई.

"आबा, ह्ये निसटायचं न्हाई ना?" नंदानं इचारलं.

"पोरी," मालक म्हणाले, आन् ते बाजारभर ऐकू जाईल असंच म्हणाले, "माझ्या हातचा टायर निसटला तर दुकानाला कुलूप लावीन आन् गुरं राखाया जाईन."

समोरच्या हाटेलात हौशीराम चहा गाळत हुता. त्याच्या कानात ते बरोबर शिरलं.

नंदा चाकाजवळ उकिडवी बसली. म्हणाली, "आमच्या शिरगावला बा गाड्या बांधायचा. चाकाला नवी धाव चढवायची तर शेण्यांचा जाळ करायचा, लोखंडाची धाव लाल झाली की चौघांनी उचलून लाकडावर घालायची आन् वरनं पाणी वतायचं. धाव आवळून बसायची. पर त्याच्या आदी माझी आय लाकडात बोटभर खाच करून त्यात एकवीरेचा अंगारा भरायची. तो धावंच्या आत कायमचा. आमच्या घरच्या गाडीची धाव कदी निखळली न्हाई, का गाडी कदी उलटली न्हाई." मग तिनं मालकांकडं बघितलं. "आबा, ह्यात अंगारा कुटं भरायचा?"

मालक टायरवर आदीच वैतागले हुते. फिस्कारले, "अंगारा त्याच्या कपाळाला लाव. चाकाचं मी बघतो."

झालं. तेवढंच बोलले. का न्हाई भरायचा, भरला तर काय हुईल, ते सांगायचं तर बाजूलाच ऱ्हायलं. त्यांचा सोभावच तसा, कामात असले की माणसाला माणूस म्हणायचे न्हाईत. नंदा उठली, पदर सावरला आन् नवऱ्यामागं निघाली. जाताना ती त्या चाकाकडं वळून वळून बघत हुती, ते मी बघितलं. मला कायतरी टोचलं. काय ते तवा कळलं न्हाई.

मधला रविवार गेला. सोमवारी पहाटं मी दाराम्होरचा चिखल खराट्यानं लोटीत हुते. पाऊस नव्हता, निसतं धुकं. खाली घाटाच्या अंगाला लॉऱ्यांची घरघर चालू हुती, संपतच नव्हती. तेवढ्यात कुसगावाच्या बाजूनं आवाज आला.

टक्. टक्. टक्.

सारखा. मोजूनमापून एका अंतरावर. कुणाची तरी सायकल येत हुती, आन् तिच्या चाकात कायतरी उठत हुतं. मग घंटी वाजली. ती घंटी मला ठावं हुती.

"मावशे, येतो गं!" धुक्यातनं सोपान भाईर आला. पुढचं चाक माझ्याम्होरनं गेलं ते मी डोळ्यानं बघितलं. दर फेऱ्याला एकाच जागी उचलत हुतं.

"सोपाना, थांब! चाक वाजतंय तुझं!"

"सांजच्याला दावतो आबास्नी! गाडीची येळ झाली!" आन् तो गेलाबी. आवाज तेवढा मागं ऱ्हायला, लांब लांब जात.

मालक आत मिश्री लावीत हुते. "कुणाचं चाक वाजतंय?" म्हणाले.

"सोपानचं. तुमी बसवलेलं."

"माझं चाक वाजत न्हाई."

"मग कान फुटलेत का माझे? ऐका की!"

ते दारात आले. मिश्रीचं बोट तोंडातच. उताराकडनं अजून बारीक ऐकू येत हुतं. माझ्या डोळ्याम्होर त्यांचं तोंड उतरलं. चूळबी न भरता म्हणाले, "कस्तुरे, तो टायर कुणीतरी उघडलाय." आन् अनवाणीच आपली सायकल काढली, टांग मारली आन् धुक्यात शिरले. "सोपाना! हवा सोड! हवा सोड!" असं वरडत गेलेले ऐकू आले. मग तेबी ऐकू येईना.

मी खराटा धरून उभी. घाटाची घरघर तशीच चालू हुती, आन् मग एकाएकी ती थांबली. लॉऱ्यांची रांग मधीच कदी थांबायची न्हाई. काय वाट्टंल ते झालं तरी थांबायची न्हाई. त्या थांबल्या, आन् समदा घाट गप झाला. मला कुणी यऊन सांगायची गरज नव्हती.

उतारावर ट्यूब टायरच्या कडंखालनं भाईर आली आन् फुटली. टायर निसटून फोर्कमदी अडकला, पुढचं चाक जागीच थांबलं, आन् सोपान वरनं पुढं फेकला गेला. लॉरीवाल्याचा काय दोष? धुक्यात त्याला दिसलंच न्हाई. मालक पोचले तवा सोपानचा श्वास चालू हुता. मालकांच्या मांडीवरच तो गेला. काय बोलला का, म्हणून मी कितीदा इचारलं. त्यांनी सांगितलं न्हाई.

लोकांनी सोपानला दवाखान्याकडं नेलं. मालक त्याची मोडकी सायकल खांद्यावर टाकून घरी आले. सदरा रक्तानं भरलेला. दुकानात बसले, पुढच्या चाकाचा टायर ओढून काढला आन् आतनं बोटं फिरवाया लागले, हळू हळू, वीत वीत. एका जागी बोटं थांबली. आतनं त्यांनी एक तांब्याचा ताईत काढला. चपटा, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या एका कडंला ट्यूबचं रबर चिकटून आलं. उघडा पडलेला अंगारा त्यांच्या तळहातावर सांडला.

आमी दोघांनीबी एकमेकाकडं बघितलं. नाव घ्यायची गरजच नव्हती.

तेवढ्यात भाईर गलका झाला. कुसगावची माणसं नंदाला घेऊन दवाखान्याकडं निघाली हुती. आमचं दुकान बघून ती थांबली. रडत नव्हती, रडली असती तर बरं झालं असतं. तिनं ती मोडकी सायकल बघितली, मालकांकडं बघितलं आन् म्हणाली, "आबा, तुमी तर म्हणालता निसटायचं न्हाई."

मालकांची मूठ आवळलेली. ताईत त्या मुठीत. मी तोंड उघडलं हुतं. देवाशपथ सांगते, शब्द माझ्या ओठावर हुते. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं.

"माझा हात चुकला पोरी," ते म्हणाले. "टायर मी नीट बसवला न्हाई."

समद्या बाजारानं ते ऐकलं. हौशीरामबी चहाची किटली घेऊन उभा हुता.

ती माणसं गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं आन् त्यांना धरलं. काय काय बोलले मी! कुणाच्या पापाचं खापर कुणाच्या डोक्यावर, उद्यापासनं खाणार काय, आपल्या हाताची आब आपणच धुळीला मिळवली, समदं बोलले. ते ऐकून घेत बसले. मग म्हणाले, "तिनं त्याला वाचवाया घातला हुता कस्तुरे. कपाळ मोकळं झालं पोरीचं. त्यावर हे सांगू? ती आजच्या आज विहीर जवळ करंल." आन् ताईत त्यांनी पंक्चरच्या सोल्युशनच्या रिकाम्या डबीत टाकला. "मीबी तिला नीट सांगितलं न्हाई. फिस्कारलो निसता."

दुकान बसलं. कुलूप लावलं न्हाई, पर लावल्यासारखंच. मालकांनी आपल्या सायकलचे दोन्ही टायर काढून सोपानच्या सायकलला चढवले, नवी फोर्क घातली आन् सायकल कुसगावला पोचती केली. तेवढं एक काम झालं. बाकी कुणी फिरकंना. ज्यांच्या सायकली लेकरागत जपल्या तीच माणसं दारावरनं तोंड फिरवून जायाची. नवरात्र तोंडावर आलं. एका सकाळी मी दार उघडलं तर कडीला एक जुनं गंजकं कुलूप अडकवलेलं. समोर हौशीराम मिशीत हसत कपबशा धूत हुता.

मालकांनी ते कुलूप काढून मोडीच्या डब्यात टाकलं आन् गप आत गेले. माझ्या मात्र मस्तकाला तिडीक गेली. पुरे झालं म्हणलं. ती डबी काढली, ताईत पदराच्या गाठीला बांधला आन् कुसगावची वाट धरली. वाटंनं मी शब्द जुळवीत हुते. बाई गं, तुझ्या नवऱ्याला माझ्या नवऱ्यानं मारलं न्हाई. हे बघ काय घावलं. असं म्हणायचं आन् ताईत तिच्या म्होरं टाकायचा. मग रडू दे, न्हाईतर मरू दे. इतकी मी पेटले हुते.

घराच्या अंगणात नंदा एकटीच हुती. माझी पावलं जागीच थांबली. अंगणात सायकल उलटी करून ठेवलेली, पुढचं चाक वर. नंदाच्या हातात पितळंची पळी. पळीचा दांडा तिनं टायरच्या कडंखाली सारलेला. बाजूला केळीच्या पानावर दोन ताईत, हळदीकुंकू लावलेले.

"मावशी, बरं झालं आलात," ती म्हणाली. "हे चाक जरा धरा की. एकटीला जमत न्हाई."

"काय करतीस गं?" मी इचारलं.

"उद्यापास्नं गेणू जातोय खंडाळ्याला. ह्यांच्या जागी लागलाय." गेणू म्हंजी सोपानचा धाकटा भाऊ. "आता घरात तो एकच गडी. मागल्या बारीला मी एकच घातलता, पुढच्याच चाकात. रविवारी हे खाचरात गेलते तवा हवा सोडून घातला आन् पंपानं परत भरली, हाताला फोड आले. पर मागलं चाक तसंच ऱ्हायलं उघडं. म्हणून एकवीरा आईनं राखलं न्हाई. ह्या बारीला दोन्हीत घालते." ती दांडा रेटत हुती. कड कुरकुरत वर येत हुती. "आबांवर माझा राग न्हाई मावशी. माणसाचा हात चुकतो. आईचा चुकत न्हाई. मीच कमी पडले."

माझ्या पदरातल्या गाठीनं जणू कंबरंला चटका बसला. हिला सांगावं तर ही जिती ऱ्हात न्हाई. न सांगावं तर उद्या पहाटं परत टक् टक् करत सायकल माझ्या दारावरनं जाणार, आन् परत लॉऱ्या थांबणार. गेणू विशीतला. आतनं त्याची शीळ ऐकू येत हुती. मी लय घाबरले. जन्मात कुणाला भ्याले न्हाई, त्या पळीला भ्याले.

"नंदा, थांब," मी म्हणले आन् तिचा हात धरला. जे तोंडाला आलं ते बोलले. "बसलेला टायर उघडायचा नसतो. तू कारागिराला इचार. एकदा बसला की त्यात परत हात घालायचा न्हाई. आमच्या मालकांनी तेच केलं. सोपानचा टायर त्यांनी बसवला, आन् मग परत एका जागी उघडला. त्यानंच घात झाला."

मला वाटलं, काय झ्याक सुचलं! नवऱ्याच्या माथी अजून एक खोटं मारलं, पर गेणू वाचला. नंदा पळी धरून तशीच बसली.

"कवा उघडला आबांनी?" ती म्हणाली. "मी तितंच हुते की. खडू धरला, चाक फिरवलं आन् आमी सायकल घेऊन निघालो. मी समोरच बसले हुते."

मी चाकाकडं बघाया लागले.

"एका जागी उघडला म्हणून निसटतो?"

"तसं न्हाई गं, कदी कदी…" माझी जीभ, जी कदी अडली न्हाई ती, तितं अडली. हात आपसूक पदराच्या गाठीवर गेला. नंदानं तो हात बघितला. गाठीकडं बघत ऱ्हायली. एवढंसं कापड, आत एवढासा चपटा जिन्नस.

तिनं पळीचा दांडा हळूच भाईर काढला. टायर जागच्या जागी बसला.

"आबांनी सायकल खांद्यावरनं आणली तवा," ती म्हणाली, "टायरमदी काय घावलं का त्यास्नी?"

"न्हाई," मी म्हणले. "काय नव्हतं."

"काय नव्हतं," ती म्हणाली. तिनं ते दोन ताईत पानासकट उचलले आन् घरात गेली. लय येळ भाईर आली न्हाई. मी अंगणात उभीच, आतला कानोसा घेत. रडण्याचा आवाज आला असता तर आत गेले असते. तसलं काय ऐकू आलं न्हाई. मग ती हातात तांब्या घेऊन आली आन् म्हणाली, "मावशी, पाणी घ्या. उन्हाच्या आलात." मी पाणी प्याले. तिचं तोंड राखंगत पडलं हुतं. गेणूला मी हळूच सांगितलं, वैनीवर ध्यान ठेव बाबा, आज तिला एकटी सोडू नकोस.

येताना इंद्रायणीच्या काठाला थांबले आन् पदरातला ताईत पाण्यात सोडला. मालकांना त्यातलं एक अक्षर बोलले न्हाई. रातभर मात्र डोळा लागला न्हाई, कान कुसगावाकडं.

दुसऱ्या दिशी पहाटं घंटी वाजली. मी भाईर धावले. गेणू सायकलवर बसून आला नव्हता, हातात धरून आला हुता. बाजार नुकता जागा झालता, हौशीरामची चूल पेटली हुती. गेणू आमच्या दारात थांबला.

"आबा, वैनीनं पाठवलंय. पुढचा टायर काल तिच्या हातनं हललाय म्हणाली. तुमीच परत बसवा. दुसऱ्या कुणाकडं न्यायचा न्हाई असं बजावलंय." मग जरा अडखळला. "आन् म्हणाली, आदी उघडून आत बघा. काय ऱ्हायलं न्हाई ना, ते चौफेर बघा, आन् मगच चढवा."

हौशीरामचा हात किटलीवरच थांबला.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग रिठ्याचं पाणी आणून ठेवलं. त्यांनी चाक मांडीवर घेतलं, हवा सोडली, टायर काढला आन् आतनं बोटं फिरवाया लागले, वीत वीत, त्या दिशी फिरवली हुती तशी. सगळा फेरा झाला. परत एकदा फिरवली. त्यांच्या डोळ्यातनं पाणी टायरवर पडत हुतं, आन् ते पुसतबी नव्हते.

"काय हाय का आबा?" गेणूनं इचारलं.

"न्हाई," मालक म्हणाले. "काय न्हाई. त्या बारीलाबी काय नव्हतं."

गेणूनं मान हलवली.

"वैनी म्हणालती," तो म्हणाला, "आबा असंच म्हणतील."